मीठ

डेल्फीन व्रोना आली तेव्हा शटर अर्धं खाली होतं.
"दिवा पुन्हा लागलाय," म्हणाली,
जसं कुणी सांगावं, कुत्रं पुन्हा कुंपणाबाहेर गेलंय.

टाकीचं झाकण तिने आधीच बदललं होतं.
सगळेच बदलतात.
झाकण स्वस्त, हाताने फिरवता येतं,
आणि कोड पुसला की चार दिवस दिवा विझतो.
तेवढ्यात माणसाला वाटतं, जमलं आपल्याला.

स्कॅनर लावला. चारशे छप्पन्न.
म्हणजे गळती, पण सुईच्या नेढ्याहून बारीक.
पेट्रोल नाही गळत, वाफ गळते.
फरशीवर डाग नाही,
इंजिन आपलं नेहमीसारखं गुरगुरतंय.

"मग बिघडलंय काय?"
मी म्हणालो, तू किल्ली काढून घरात गेलीस
की ही गाडी नळ्यांची तोंडं मिटते,
थंड होता होता श्वास कोंडून धरते
आणि किती वेळ टिकतो ते मोजते.
टिकत नाही. एवढंच सांगतेय.

"महिनाअखेर तपासणी आहे, कॅझ.
स्टिकर नाही मिळाला तर शाळेच्या रात्रपाळीला जाऊ कशी?
बस साडेनऊला संपते."

लोक अशा वेळी म्हणतात, अगदी संसारासारखं आहे नाही,
न दिसणारी गळती वगैरे.
नाही. संसारात धूर सोडून बघता येत नाही.

इथे येतो.
नळी जोडली, यंत्र चालू केलं,
तान्ह्या बाळाच्या फुंकरीएवढा दाब,
त्याहून जास्त नाही, नाहीतर चांगला जोडही उसवतो.
हैथम गाडीखाली आडवा. सतरा वर्षांचा,
शाळेतून थेट येतो, दप्तर टायरांच्या ढिगावर टाकतो.
झाकणाची कड कोरडी.
व्हॉल्व्ह गप्प. डब्याचे सांधे गप्प.
दहा मिनिटं. मला वाटलं यंत्रातलं तेल संपलं.
डेल्फीन घड्याळाकडे बघते, मी तिच्याकडे बघत नाही.

"थांब," खालून आवाज. "पंखा बंद कर."
पंखा बंद केला.
मागच्या चाकाच्या आत, प्लास्टिकच्या अस्तरामागे,
टॉर्चच्या उजेडात
एक पांढरा केस वर चढत होता.
हलत होता. तुटत नव्हता.

अस्तर काढलं तर ओंजळभर चिखल पडला,
बारा हिवाळ्यांचा, मिठाने करकरणारा.
बर्फ वितळावं म्हणून लॅकवॉनात रस्त्यावर मीठ टाकतात, टनांनी.
या गाडीने बारा वर्षं या गावाचं मीठ खाल्लं,
आणि जागली त्या मिठाला:
उणे वीसमध्ये पहिल्या किल्लीला उठली,
तिच्या आईला तीन वेळा इस्पितळात नेलं.
मीठ मात्र कुणालाच जागलं नाही.
पेट्रोल भरायच्या नळीची मान
आतून बाहेरून कातरून टाकली त्याने.

नवी मान शंभर पंधरा डॉलर.
जुनीचा एक बोल्ट मोडला, तो कोरून काढण्यात
माझी संध्याकाळ गेली आणि एक चांगलं ड्रिल.
पुन्हा धूर सोडला. कुठेच काही नाही.
बिलात मजुरी एकच तास लिहिली.
हैथमने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, बोलला नाही.

डेल्फीनला सांगितलं, आता टाकी काठोकाठ भरू नकोस.
अर्धी ठेव. रात्री बाहेर उभी कर, थंड होऊ दे.
गाडी स्वतःच तपासेल स्वतःला, तिच्या सवडीने.
"किती दिवस?"
माहीत नाही. तीन. आठ.
"म्हणजे तू दुरुस्त केलंस, पण झालं की नाही
ते तिला विचारायचं?"
हो.

ती गेल्यावर हैथमने गंजकी मान ट्यूबलाइटसमोर धरली,
एका टोकाला डोळा लावला, तळव्याने दुसरं झाकलं.
"कॅझ, बघ ना."
मला चष्म्यातूनही दिसलं नाही.
मग त्याने मान जराशी वळवली. दिसलं.

सहाव्या दिवशी डेल्फीनचा फोन.
स्टिकर मिळाला. दिवा नाही.
"पण आता," ती म्हणाली,
"सिग्नलला थांबले की
मी सारखी तिथेच बघते."